ओठात इंग्रजी, पोटात मराठी

तारकर्लीचा रस्ता घ्या, गुहागरचा घ्या नाहीतर हर्णैचा. किनारा जवळ आला की माडांच्या आधी पाट्या दिसायला लागतात. 'रूम्स अव्हेलेबल', 'पार्किंग ॲट बॅकसाइड', 'ऑल टाइप्स ऑफ फिशेस', आणि दुपारी दोननंतर कुठल्यातरी दाराला दोरीने लटकवलेली 'शॉप इज क्लोज'. गाडीतले पाहुणे या पाट्यांचे फोटो काढतात आणि हसतात. या चारांतल्या दोनच पाट्या चुकीच्या आहेत. बहुतेक हसणारे नेमके 'फिशेस'ला हसतात, आणि तो शब्द बरोबर आहे. एकाच जातीचे दहा मासे असतील तर इंग्रजीत 'टेन फिश'. पण बांगडा, सुरमई, मांदेली, मोदकं अशा वेगवेगळ्या जातींबद्दल बोलायचं असेल तर 'फिशेस' चालतं. पाटीवाल्याला जातीच सांगायच्या आहेत. 'टाइप्स ऑफ फिश' असंही लिहितात आणि ते जास्त रुळलेलं आहे, एवढंच.

चूक आहे ती 'क्लोज'मध्ये, आणि ती होते 'ओपन'मुळे. पाटीच्या एका बाजूला 'ओपन', मग उलट्या बाजूला 'क्लोज' असा सरळ हिशेब. पण 'ओपन' हा शब्द 'उघडणे'ही आहे आणि 'उघडा'ही आहे. 'क्लोज' म्हणजे 'बंद करणे'. 'बंद असलेलं' म्हणजे 'क्लोज्ड'. विशेषण म्हणून नुसतं 'क्लोज' वापरलं की अर्थ होतो 'जवळचा', आणि उच्चारही बदलून 'क्लोस' होतो. म्हणजे त्या दारावर लिहिलंय की दुकान जवळच आहे. खोटं नाही म्हणा.

मराठीतला 'बंद' हा भलता कामसू शब्द. दार बंद, दिवा बंद, घड्याळ बंद, घाट बंद, पावसाळ्यात होड्या बंद. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळा माणूस लागतो. दार 'क्लोज' करायचं, दिवा 'स्विच ऑफ' नाहीतर 'टर्न ऑफ' करायचा, घड्याळ 'हॅज स्टॉप्ड', घाट 'क्लोज्ड', दरड आली असेल तर 'ब्लॉक्ड', आणि होड्या 'आर नॉट रनिंग'. 'क्लोज द लाइट' म्हणणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं म्हणून भागत नाही. त्याला मराठी पक्की येते, आणि ती 'लाइट'च्या शेजारी आपला 'बंद' आणून बसवते. 'बॅकसाइड'चंही तेच. मागची बाजू, म्हणून बॅक आणि साइड. पण हे दोन शब्द जोडले की इंग्रजीत बसायचा भाग होतो, आणि गाडी तिथे लावता येत नाही. 'पार्किंग बिहाइंड द हाऊस' लिहावं. 'ॲट द बॅक' सुद्धा चालेल.

इंग्रजीच्या चुकांच्या याद्या ढीगभर मिळतात. हे बरोबर, ते चूक, पाठ करा. त्यांचा उपयोग थोडा, कारण चूक कुठून आली ते त्यात नसतं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले. आपल्या डोक्यातही हे दोन स्तंभ असतात. फक्त बोलण्याच्या घाईत ते एकमेकांवर चढतात आणि इंग्रजी शब्दांखालून मराठी वाक्य दिसायला लागतं. कुठल्या चुकीखाली कुठलं मराठी वाक्य आहे ते एकदा दिसलं की ती चूक तोंडातून निघायच्या आधीच ओळखू येते.

सगळ्यात चिवट चूक 'हॅड'ची. मालवणीत कोणी विचारतं, 'काल खय गेल्लंस?' प्रमाण मराठीत 'काल कुठे गेला होतास?' उत्तर येतं, 'कुडाळला गेलो होतो.' हेच इंग्रजीत 'यस्टरडे आय हॅड गॉन टू कुडाळ' होऊन बाहेर पडतं. शब्दाला शब्द ठेवून पाहिलं तर काहीच चुकलेलं नाही, म्हणूनच चांगले शिकलेलेही इथे घसरतात. पण 'गेलो' आणि 'गेलो होतो' यांत आपण काय फरक करतो? 'तो कुडाळला गेला' म्हटलं की तो अजून तिकडेच असेल. 'गेला होता' म्हटलं की परत आलाय, विषय संपला. मराठीचा हा 'होता' माणसाला घरी आणून सोडतो. इंग्रजीच्या 'हॅड'ला परतीच्या गाडीशी काही देणंघेणं नाही. मागे घडलेल्या दोन गोष्टींपैकी आधीची कुठली, एवढंच तो सांगतो. म्हणून 'आय हॅड गॉन टू कुडाळ' ऐकलं की इंग्रजी कान पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो: गेला होतास, आणि मग काय झालं? काहीच झालेलं नसतं. तिथे 'आय वेंट टू कुडाळ' पुरे.

'हॅड' लागतो तो धक्क्यावर. 'व्हेन आय रीच्ड द जेटी, द बोट हॅड लेफ्ट' म्हणजे पोचेपर्यंत बोट सुटून गेलेली, आता पुढच्या फेरीपर्यंत बसा. 'व्हेन आय रीच्ड द जेटी, द बोट लेफ्ट' म्हणजे मी पोचलो आणि मग बोट सुटली, जणू माझ्यासाठीच थांबली होती. एका 'हॅड'वर बोट चुकते किंवा मिळते. ताळा सोपा आहे: वाक्यात 'त्याच्या आधीच' हे शब्द घालून पाहा. अर्थ लागला तर 'हॅड' ठेवा, नाही लागला तर साधा भूतकाळ.

याची धाकटी बहीण म्हणजे 'हॅव'. 'फोटो काल पाठवलेत' यात 'पाठवले आहेत' दडलंय, म्हणून 'आय हॅव सेंट द फोटोज यस्टरडे'. इंग्रजीत 'हॅव सेंट' आणि 'यस्टरडे' एका घरात नांदत नाहीत. वेळ सांगायची तर 'आय सेंट द फोटोज यस्टरडे'. वेळ न सांगता नुसतं 'पाठवलेत, बघा' म्हणायचं तर 'आय हॅव सेंट द फोटोज'.

आणि 'पासून'. 'आम्ही वीस वर्षांपासून इथे राहतो' या निरुपद्रवी वाक्याचं 'वी आर स्टेइंग हियर सिन्स ट्वेंटी इयर्स' होतं तेव्हा एका दमात तीन चुका होतात. मराठीचा 'पासून' दोन कामं करतो: सुरुवात कुठे झाली तेही सांगतो आणि किती काळ गेला तेही. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. सुरुवातीचं टोक असेल तर 'सिन्स': सिन्स २००५, सिन्स मंडे, सिन्स गणपती. लांबी मोजायची असेल तर 'फॉर': फॉर ट्वेंटी इयर्स, फॉर टू अवर्स. दुसरी चूक काळाची. मराठीत साधा 'राहतो' चालतो. इंग्रजीत तेव्हा सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव' लागतं. तिसरी 'स्टे'ची, आणि होमस्टेवाल्यांना ती विशेष लागू. पाहुणा 'स्टे' करतो, घरवाला 'लिव्ह' करतो. स्कॉटलंडमध्ये मात्र 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे तुझं घर कुठे, तेव्हा यावरून कोणाला फार टोकू नये. नीट वाक्य असं: 'वी हॅव लिव्ड हियर फॉर ट्वेंटी इयर्स.'

'डिड नॉट वेंट' ही शाळेतली चूक, तिचं कारणही छोटं. 'गेलो नाही' यात भूतकाळ 'गेलो'मध्ये बसलेला असतो, 'नाही' मोकळा असतो. इंग्रजीत भूतकाळ 'डिड' उचलतो, म्हणून 'गो'ने हात मोकळे ठेवायचे. काळाचं ओझं एकानेच वाहायचं.

'वी आर हॅविंग फोर रूम्स' मधला 'आर' आपल्या 'आहेत'मधून आलेला. मालकी, माहिती, गरज दाखवणारी क्रियापदं, म्हणजे हॅव, नो, नीड, बिलॉन्ग, सहसा 'इंग' लावून येत नाहीत. ती स्थिती सांगतात, चालू काम नाही. म्हणून 'वी हॅव फोर रूम्स'. पण 'वी आर हॅविंग लंच' अगदी बरोबर, कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवणं, आणि जेवण हे चालू काम आहे. 'हॅविंग कधीच नाही' असा नियम मुलांना सांगणारे मुलांना एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात ढकलतात.

'अ', 'ॲन', 'द' यांचं दुखणं जुनं, कारण आपल्याकडे असे शब्दच नाहीत. 'होडी आली' यातली होडी कोणतीतरी आहे की आपण वाट पाहत होतो ती, हे मराठी माणसाला आवाजावरून आणि प्रसंगावरून कळतं. इंग्रजीत ते बोलून दाखवावं लागतं. ऐकणाऱ्याच्या मनात 'कुठली?' हा प्रश्न उठणार असेल तर 'अ बोट', त्याला आधीच माहीत असेल तर 'द बोट'. इतक्यावर बरंच भागतं. समुद्र आणि नद्यांना 'द' हवा: द अरेबियन सी, द वाशिष्ठी. गावांना नको. गंमत म्हणजे आपल्या प्रदेशालाही इंग्रजीत 'द' लागतो, 'द कोंकण'. ते गाळून लिहिलेलं वाचलं की एखाद्याला 'राव' न लावता हाक मारल्यासारखं वाटतं.

'अ' की 'ॲन' यासाठी मात्र आपल्याकडे एक हुकमी हत्यार आहे आणि ते कोणी वापरत नाही: देवनागरी. शाळेत शिकवतात की ए, ई, आय, ओ, यू यांच्या आधी 'ॲन', आणि मग पोरं 'ॲन युनिफॉर्म' लिहितात. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. पुढचा इंग्रजी शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. अवर: ॲन अवर. ऑनेस्ट: ॲन ऑनेस्ट मॅन. युनिक: अ युनिक व्ह्यू. वन-वे: अ वन-वे रोड. एमएलए: ॲन एमएलए. एसी: ॲन एसी रूम. इंग्रजी लिपी जिथे फसवते तिथे आपली बाराखडी सरळ उत्तर देते. अट एकच, शब्द जसा उच्चारतात तसा लिहायचा. 'हॉनेस्ट' लिहिलंत तर उत्तरही चुकेल.

ओन्ली. हा आपला 'च' आहे, इंग्रजी कपडे घातलेला. 'बीच इज हियर ओन्ली', 'आय ॲम फ्रॉम मालवण ओन्ली', 'दिस इज रत्नागिरी हापूस ओन्ली'. इंग्रजीत 'ओन्ली' म्हणजे 'फक्त', आणि 'च' म्हणजे नेहमीच 'फक्त' नव्हे. इंग्रजीत असा जोर बरेचदा आवाजाने देतात, त्यामुळे लिहिताना वेगळी वाट काढावी लागते. इथेच आहे: 'द बीच इज राइट हियर'. रत्नागिरीचाच आहे: 'जेन्युइन रत्नागिरी हापूस', २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे या 'जेन्युइन'ला आता कायद्याचा आधारही आहे. 'आजच'साठी 'टुडे इटसेल्फ' सर्रास म्हणतात. 'टुडे' पुरतं, फार तर 'बाय धिस इव्हनिंग'. पेटीवर 'मँगोज' लिहिताना 'एस'च्या आधी वर स्वल्पविराम टांगू नये. तो टांगला की 'आंब्याचं' होतं, आणि आंब्याचं काय ते पेटीत शोधावं लागतं.

काही चुकांत नुसती लाज जात नाही, पैसा जातो. 'सगळ्या खोल्या एसी नाहीत' हे फोनवर सांगताना आपण 'सगळ्या'वर जोर देतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की काही आहेत, काही नाहीत. हेच 'ऑल रूम्स आर नॉट एसी' असं लिहून पाठवलं की आवाज गळून जातो आणि दोन अर्थ उरतात: काहींना नाही, किंवा एकालाही नाही. मे महिन्यात येणारा पाहुणा दुसरा अर्थ घेऊन शेजारी बुकिंग करतो. 'नॉट' उचलून पुढे आणा: 'नॉट ऑल द रूम्स हॅव एसी'. एकालाही नसेल तर 'नन ऑफ द रूम्स हॅज एसी'. चकाकतं ते सारं सोनं नसतं, ही म्हण इंग्रजीतही याच अडनिड्या क्रमाने आहे, म्हणजे हा घोळ एकट्या आपलाच नाही. 'दोघेही आले नाहीत'चं 'बोथ डिड नॉट कम' हे त्याचंच भावंड. तिथे 'नायदर केम'.

आणि काही चुकांत जीव जाऊ शकतो. समुद्राची भाषा आपल्याकडे इंग्रजीपेक्षा काकणभर जास्तच श्रीमंत आहे: भरती, ओहोटी, सुकती, उधाण, भांग. 'टाइड' म्हणजे यातलं एकच काही नव्हे. पाणी चढणं आणि उतरणं हे अख्खं चक्र म्हणजे टाइड. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणून 'डोन्ट स्विम ड्युरिंग टाइड' या सूचनेला अर्थच नाही, टाइड चोवीस तास चालू असते. ओहोटी खेचून नेते म्हणून सांगायचं असेल तर 'डू नॉट स्विम व्हेन द टाइड इज गोइंग आउट' असं लिहायला हवं. 'भरती लागली' म्हणजे 'द टाइड इज कमिंग इन'. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण म्हणजे 'स्प्रिंग टाइड'. यातल्या 'स्प्रिंग'चा वसंत ऋतूशी संबंध नाही, तो उसळी मारण्यातला स्प्रिंग, आणि ती टाइड वर्षभर दर पंधरवड्याला येते. भांगाची, म्हणजे मधल्या दिवसांतली कमी चढणारी भरती ती 'नीप टाइड'. वारा सुटला की 'द विंड हॅज पिक्ड अप'. वारा पडला की 'द विंड हॅज ड्रॉप्ड'. इथे दोन्ही भाषांनी कधी नव्हे ते एकच क्रियापद निवडलं. जाळं टाकलं ते 'कास्ट'. आज टाका नाहीतर काल टाकलेलं असो, 'कास्ट'च, 'कास्टेड' नाही.

लिंगाचं म्हणाल तर होडी ती, मचवा तो, गलबत ते. इंग्रजीत तिन्ही 'इट'. जुन्या दर्यावर्दी इंग्रजीत जहाजाला 'शी' म्हणायची रीत होती, पण 'लॉइड्स लिस्ट' या जहाजधंद्याच्या वर्तमानपत्रानेही २००२ मध्ये ती सोडली.

आदराचं अनेकवचन मात्र जपून. 'बाबा आलेत' मधून 'माय फादर हॅव कम' येतं आणि 'ते म्हणाले' मधून 'दे सेड'. इंग्रजीत बाप एकच असतो, 'हॅज कम' आणि 'ही सेड'. यात अनादर नाही. त्यांचा आदर क्रियापदात राहत नाही, इतकंच. उलट आपलं 'आम्ही' आणि 'आपण' त्यांच्या एकाच 'वी'मध्ये कोंबावं लागतं. 'वी आर गोइंग टू द फोर्ट' म्हटल्यावर पाहुण्याने चपला घालायच्या की टाटा करायचा, हे त्याला कळेल असं सांगा: 'यू टू' किंवा 'कम विथ अस' जोडा.

स्पेलिंगचं एकच सांगतो, कारण ते रंगाने भिंतीवर लिहिलं जातं आणि पुसायला महाग पडतं: 'ॲकॉमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम. दोन पाहुण्यांना दोन खाटा, असं लक्षात ठेवा.

आता हे सगळं एका निरोपात घालून बघू. पाहुण्याला पाठवायचा नेहमीचा मजकूर असा असतो:

'रिस्पेक्टेड सर, वी आर हॅविंग फोर रूम्स. ऑल रूम्स आर नॉट एसी. बीच इज निअर ओन्ली. पार्किंग इज ॲट बॅकसाइड. यस्टरडे आय हॅड सेंट द फोटोज. टेल मी व्हेन आर यू कमिंग. फिश फ्राय विल बी देअर.'

'रिस्पेक्टेड' राहू दे. इंग्रज तसं लिहीत नाही, पण आपल्याकडे ते चालतं आणि त्यात वाईट काही नाही. फक्त त्याचं 'रिस्पेक्टेबल' करू नका. त्याचा अर्थ 'अब्रूदार', आणि पाहुण्याला तसं प्रशस्तिपत्र द्यायची गरज नसते. मधल्या पाच वाक्यांचं वर झालंच: 'वी हॅव फोर रूम्स. नॉट ऑल ऑफ देम हॅव एसी. द बीच इज व्हेरी क्लोज. पार्किंग इज बिहाइंड द हाऊस. आय सेंट यू द फोटोज यस्टरडे.' 'व्हेन आर यू कमिंग' हा एकटा उभा असेल तर बिनचूक प्रश्न आहे. 'टेल मी'च्या पोटात शिरला की तो प्रश्न राहत नाही आणि शब्द सरळ क्रमात येतात: 'टेल मी व्हेन यू आर कमिंग'. मराठीत 'तुम्ही कधी येणार' आणि 'तुम्ही कधी येणार ते सांगा' यांत क्रम हलत नाही, म्हणून ही चूक कानाला टोचत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते.

राहिलं 'फिश फ्राय'. इंग्रजी व्याकरणाने 'फ्राइड फिश' हवं, आणि अमेरिकेत 'फिश फ्राय' म्हणजे मासे तळून घातलेली अख्खी पंगत. पण आपल्याकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे: मीठ, मसाला आणि कोकमाचं आगळ लावून मुरवलेली, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर तळलेली तुकडी. 'फ्राइड फिश' लिहिलं तर पाहुण्याला वाटेल ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेलं काहीतरी येणार. तो शब्द आहे तसाच ठेवा.